गॅब्रिएलचा ठोकळा

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कुणी 'काहीही फेकतेस' म्हणायला नको.

यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. रात्रसुद्धा नाही. दुपारचे साडेतीन वाजले होते, ऊन डोक्यावर होतं, आणि बोळिंजच्या पुढची एक केळीची वाडी होती. जे झालं ते एवढ्या लख्ख उजेडात झालं.

तारीख होती २५ फेब्रुवारी २००४. राखेचा बुधवार, आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस.

ज्या माणसाच्या बाबतीत हे झालं, तो आमच्याच घरात राहतो. ते माझे डॅडी आहेत. पण सांगताना मी त्यांना थॉमस म्हणणार, आणि सरळ अरे-तुरे करणार. कारण 'डॅडी' म्हटलं की माझी जीभ त्यांना वाचवायला बघते. आणि या गोष्टीत सगळ्यांनी नुसतं स्वतःला वाचवलंय. मला त्याची शिसारी येते.

त्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, "सगळं लिही. माझंही."

म्हणून सगळं लिहिते.

थॉमस आगीच्या बंबावर ड्रायव्हर होता. केंद्र कुठलं, ते मी लिहिणार नाही. बंब नवा कोरा होता. आदल्या दिवाळीत आला तेव्हा पुढच्या चाकापाशी नारळ फुटला आणि मागच्या चाकापाशी फादरनी पवित्र पाणी शिंपडलं. दोन्हीकडून बंदोबस्त! मी तेव्हा पाचवीत होते. मलाही एकदा केबिनमध्ये बसून घंटा वाजवायला मिळाली होती. अख्ख्या वर्गात माझाच भाव.

जानेवारीत बंब बनवणाऱ्या कंपनीकडून एक पत्र आलं. इंग्रजीत होतं. केंद्रावरच्या साहेबाने थॉमसला आत बोलावलं आणि चहात बिस्किट बुडवता बुडवता त्याला वाचून दाखवलं.

"हँडब्रेकमधला एक भाग कच्चा निघालाय म्हणे. पंप चालू झाला की गाडी थरथरते, आणि त्या थरथरीने हँडब्रेक आपोआप सुटू शकतो. गाडी परत पाठवा, फुकटात बदलून देऊ. तोवर गाडी वापरू नका. यांच्या सगळ्याच गाड्यांना तोच हँडब्रेक आहे म्हणे... बंब, कचऱ्याच्या गाड्या, शाळेच्या बसेस."

"मग पाठवायची ना साहेब?"

"आणि आग लागली तर तू तोंडाने फुंकणार? दोन महिने गाडी अडकेल. अजून हारातली फुलं वाळली नाहीत, उद्घाटनाचे फोटो भिंतीवर लागलेत, आणि मी वर सांगू की गाडी बिघडलेली निघाली? उतारावर उभी केलीस तर चाकामागे ठोकळा लाव. झालं. एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नको."

पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. त्या शनिवारी बंबाच्या पुढे लिंबू-मिरची लटकली. मग दर शनिवारी नवी.

ठोकळा केला गॅब्रिएलने.

गॅब्रिएल बंबावरचा सगळ्यात जुना फायरमन. पाचूबंदरचा, कोळ्याचा मुलगा. त्याच्या बापाची होडी मोडीत निघाली होती. तिच्याच लाकडातून त्याने एक तिरका, जाडजूड ठोकळा कापला. एका बाजूला होडीच्या निळ्या रंगाचा पट्टा तसाच राहिला होता. पाचूबंदरला होडी वाळूवर ओढली की आधी तिला लाकडाचा टेकू देतात, मग बाकी सगळं.

"टेकू दिल्याबिगर आमचा मानूस पानीपण पीत नाय," गॅब्रिएल म्हणायचा. "माझा बाप तर झोपताना खाटेलापण टेकू लावायचा. म्हनायचा, रात्री भरती आली तर?"

त्याने थॉमसला विचारलंही, "पन थॉम्या, नव्या गाडीला ठोकळा कशाला रं?"

"साहेबाची हौस," थॉमस म्हणाला.

एवढंच म्हणाला तो. दोन शब्द. पत्राचं काहीच बोलला नाही. डॅडी हे सांगत असताना मी त्यांना याच ठिकाणी थांबवून त्यांच्याकडे बघितलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

राखेच्या बुधवारी सकाळी गॅब्रिएल चर्चमधून थेट ड्युटीवर आला. कपाळावर फादरनी लावलेली राख. दुपारी फोन वाजला. बोळिंजच्या पुढे एका वाडीत पेंढा पेटला होता.

बंबातलं पाणी दहा मिनिटांत संपलं. वाडीत बावखल होतं. आमच्याकडे वाड्यांना पाणी घालायला खणलेली जुनी तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. गोडं पाणी, वर हिरवं शेवाळ. थॉमसने बंब मागे मागे घेत बावखलाच्या उतारावर आणला. हँडब्रेक ओढला. कर्रर्र.

मागून आवाज आला. ठक!

गॅब्रिएल ठोकळा नुसता ठेवायचा नाही. चाकामागे सरकवून वरून टाचेने हाणायचा.

"लावला रं थॉम्या!"

मग तो मागे जाऊन गुडघाभर पाण्यात उतरला आणि पाणी ओढायचा जाड पाइप जोडला.

"पानी घे!"

थॉमसने पंप चालू केला. बंब थरथरायला लागला. बाजूचा आरसा हलला, लिंबू-मिरची हलली...

आणि थॉमसच्या डोळ्यांसमोर हँडब्रेकचा दांडा खाली गेला.

सावकाश. कुणीतरी हाताने दाबून खाली करावा, तसा.

त्याचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत मागचं चाक कशावर तरी चढून उतरलं. एक दणका. मग गाडी गेली.

किंकाळी आली नाही. फक्त पाण्याचा आवाज आला.

आता पुढचं वाक्य मला लिहायचं नव्हतं. पण लिहिते. पंप चालूच होता. पुढच्या माणसांना मागचं काही दिसत नव्हतं, ते पाइप धरून पेंढा विझवत होते. पूर्ण तीन मिनिटं. ज्या पाण्यात गॅब्रिएल बंबाखाली होता, त्याच पाण्याने.

शी.

ट्रॅक्टर लावून बंब वर ओढला. गॅब्रिएलला काठावर ठेवलं. नाका-तोंडात शेवाळ, अंगभर चिखल. पण कपाळावरची राख... तशीच होती. कोरडी. बोटाने आत्ता लावल्यासारखी.

थॉमसने ती पाहिली आणि तो केळीच्या बुंध्यापाशी जाऊन ओकला.

साहेब जीपने आला. सगळे गॅब्रिएलभोवती होते. साहेबाने थॉमसला बाजूला घेतलं. उतारावर ठोकळा पडला होता. निळ्या पट्ट्यावर टायरची नक्षी खोल उमटलेली. चाक त्याच्यावरून चढून गेलं होतं.

"हा कुणी लावला होता?"

"गॅब्रिएलने."

"नव्हता लावला," साहेब म्हणाला. "नीट ऐक, थॉमस. ठोकळा लावूनही गाडी गेली म्हणजे गाडीत खोट. गाडीत खोट म्हणजे पत्र निघणार. पत्र निघालं की विचारणार, ड्रायव्हरला माहीत होतं का? होतं ना तुला?"

थॉमसने ठोकळ्याकडे पाहिलं.

"तुला एक मुलगी आहे ना?"

ती मुलगी म्हणजे मी. मी तेव्हा शाळेत नकाशात नद्या भरत होते. आणि इथे एक माणूस माझं नाव पुढे करून मेलेल्या माणसावर खापर फोडत होता. मला कुणी विचारलं होतं?

थॉमसने कुंपणाची तार काढली. ठोकळ्याला एक दगड तारेने आवळून बांधला आणि बावखलात टाकला.

डुबुक.

संध्याकाळी ऑफिसात जबाब लिहून झाला. साहेब सांगत होता, थॉमस लिहीत होता. साहेब समोसा खात होता. मध्येच चटणीचं बोट त्याने कागदाच्या कडेला पुसलं.

"लिही. गॅब्रिएल चाकामागे ठोकळा लावायला विसरला."

थॉमसने लिहिलं. सही केली.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, असा वाक्प्रचार आम्हाला आठवीत होता. बाईंनी वाक्यात उपयोग करा म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हिरवी चटणी आली.

मातीला अख्खं पाचूबंदर आलं. गॅब्रिएलची बायको मटिल्डा रडत नव्हती. ती थॉमससमोर येऊन उभी राहिली.

"थॉमसभाऊ, तू लिवलंस ना? माझा नवरा ठोकळा विसरला?"

"मटिल्डा..."

"माझ्या घरात ये आनि बघ. कपाटाला टेकू, पलंगाला टेकू, चुलीवरच्या टोपालापन टेकू. तो मानूस विसरला?" तिने थॉमसच्या हातावरून नजर फिरवली. "घरी जा. हात धू."

बंब पंधरा दिवसांत परत आला. मागचा पत्रा ठोकून सरळ केला होता, वर नवा लाल रंग. हँडब्रेक तोच. नवी लिंबू-मिरची.

गॅब्रिएलच्या जागी संग्राम आला. साताऱ्याकडचा, तिशीतला, नायगावला नवं बिऱ्हाड थाटलेला. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, गाडीला ठोकळा नाही?"

साहेब आतून ओरडला, "नाही! तो अपशकुनी आहे!"

खरं कारण वेगळं होतं. नवा ठोकळा केला असता तर लोकांनी विचारलं असतं, आता कशाला?

मार्चचा दुसरा आठवडा. दुपार. थॉमस शेडमध्ये एकटा बंब पुसत होता. बाहेर कावळा ओरडत होता. मग तोही गप्प झाला. पंखा चालू होता, पण त्याचा आवाज येईना...

ठक!

मागून. डाव्या चाकाकडून.

थॉमस वाकला.

चाकामागे ठोकळा होता. निळा पट्टा. त्यावर टायरची नक्षी. आणि तारेने आवळलेला दगड, तसाच, थॉमसने मारलेल्या गाठीसकट. शेवाळाच्या दोऱ्या लोंबत होत्या. खाली पाण्याचं थारोळं हळूहळू पसरत होतं.

आणि वास! साचलेल्या पाण्याचा, सडलेल्या पानांचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी.

त्याने तो उचलला. बुळबुळीत होता, हातातून निसटत होता, जिवंत असल्यासारखा. मागच्या नाल्यात फेकला. साबणाने हात धुतले, मग राखेने, मग मातीने.

रात्री जेवताना मम्मी म्हणाली, "थॉमस, तुझ्या हाताला कसली घाण येतेय?"

मलाही येत होती. मी नाक दाबलं आणि हसले. मला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी साडेतीनला... ठक.

तिसऱ्या दिवशी त्याने ठोकळा शेडमागे नेऊन रॉकेल ओतून पेटवला. पेटेना. नुसता फुसफुसत राहिला. लाकडातून पाणी गळायचं थांबेना, आणि धुराला असा वास सुटला की साहेबाने खिडक्या लावून घेतल्या. "कोण मासळी जाळतंय रे?"

चौथ्या दिवशी ठोकळा पुन्हा चाकामागे. जळल्याचा डागसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी डबा. मम्मीने बोंबलाचं कालवण दिलं होतं. झाकण काढलं, भाकरी मोडली, घास तोंडात घातला... आणि जिभेला काहीतरी लांब लागलं. थॉमसने दोन बोटांनी ओढलं. येतच राहिलं. हिरवं. थंड. वीतभर.

त्यानंतर तो ड्युटीवर जेवलाच नाही.

तरी गप्प! बघा तुम्ही. माणूस शेवाळ गिळतो, पण खरं बोलत नाही.

उपवासाचा काळ चालू होता. गावातले सगळे कुमसार करायला जात होते, म्हणजे फादरच्या कानात आपापली पापं सांगायला. थॉमस रांगेत उभा राहायचा आणि नंबर जवळ आला की बाहेर पडायचा. घरी सांगायचा, गर्दी होती.

एका दुपारी संग्राम त्याच्याजवळ येऊन बसला. खैनी मळत, सहज विचारल्यासारखं म्हणाला.

"काका, तो मागे उभा असतो, तो कोण?"

"कोण?"

"बंबाच्या मागे. जुना कुणी आहे का? नेहमी भिजलेला असतो. कपाळावर अंगारा."

थॉमसने चहा खाली ठेवला.

"काही... बोलतो?"

"कालच बोलला की. म्हणाला, पानी घेताना गाडीच्या मागं उभा राहू नको." संग्राम हसला. "म्हटलं, मग पाइप काय तुझा आजा जोडणार? तर तो तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, याला विचार. त्याला सगळा ठावं हाय."

संग्रामने खैनी तोंडात टाकली. "काय विचारायचं काका?"

थॉमसने तोंड उघडलं. साहेबाच्या केबिनचं दार उघडं होतं.

"काही नाही," थॉमस म्हणाला. "वेडा आहे तो."

हे मला त्यांनी सांगितलं तेव्हा मी उठून गच्चीवर गेले. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पत्र लपवलं, ते भीतीने. जबाब लिहिला, तोही भीतीने. पण मेलेला माणूस येऊन सांगतोय, समोरचा जिवंत माणूस विचारतोय, आणि तुम्ही त्यालाच वेडा म्हणता?

गुड फ्रायडेच्या आधीचा बुधवार. ७ एप्रिल. तीनला फोन वाजला.

बोळिंजच्या पुढे. शेजारचीच वाडी. पेंढा.

सगळं तेच. बंबातलं पाणी संपलं. जवळ तेच बावखल. तोच उतार. घड्याळात साडेतीन. थॉमसने हँडब्रेक ओढला. कर्रर्र.

त्याने कान दिला. आज ठक येईल म्हणून.

आलं नाही.

आरशात त्याला संग्राम पाण्यात उतरताना दिसला. गुडघाभर. बरोबर तिथेच.

"काका, पाणी घ्या!"

थॉमसचा हात पंपाच्या बटणावर होता. पुढे पेंढा पेटला होता, लागून एक घर होतं, बायका ओरडत होत्या. त्याला म्हणायचं होतं, संग्राम, बाजूला हो. चार शब्दही नाहीत. तोंड उघडलं. घशातून आवाजाऐवजी थंड काहीतरी वर आलं, हिरवी चव आली...

आणि बटण दाबलं गेलं.

बंब थरथरला. लिंबू-मिरची हलली.

हँडब्रेकचा दांडा खाली जायला लागला. सावकाश.

थॉमसने दोन्ही हातांनी तो पकडला. पाय ब्रेकवर दाबला. ब्रेक खाली गेला, अगदी तळापर्यंत, पाण्यात पाय बुडावा तसा. गाडी सुटली. आरशातला संग्राम मोठा मोठा व्हायला लागला. तो पाइपवर वाकलेला होता. वर बघतच नव्हता.

"संग्राऽऽम!"

फुटला. एकदाचा आवाज फुटला.

ठक!

बंब जागच्या जागी थांबला. असा, की थॉमसचं डोकं मागे आदळलं.

मागे संग्राम ताठ उभा होता. त्याची छाती आणि बंब यांच्यामध्ये दोन बोटांचं अंतर.

डाव्या चाकामागे ठोकळा होता. दगडाची तार तुटलेली.

संग्राम पुढे आला. रडत होता, हसत होता. "काका! वाचवलंत! कसले धावलात तुम्ही! ठोकळा कुठून आणलात?"

"मी खाली उतरलोच नाही," थॉमस म्हणाला.

"काय चेष्टा करता? मी ओरडा ऐकून मान वर केली तर तुम्हीच होता चाकापाशी. टाचेने हाणलात की. नखशिखांत भिजला होतात..."

संग्राम बोलता बोलता थांबला. थॉमसचा शर्ट कोरडा होता.

मग दोघांनी त्याच्या हातांकडे पाहिलं.

दोन्ही तळवे हिरवेगार. बोटांमधून शेवाळ लोंबत होतं, आणि पाणी टपटप पायांवर पडत होतं.

आग विझली. घर वाचलं. थॉमसने ठोकळा उचलला आणि तसाच, गळका, साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला. सगळे दारात जमले होते.

"शी! ही घाण उचल आधी," साहेब ओरडला. फायली छातीशी धरून तो मागे सरकला.

"ही घाण तुमची आणि माझी आहे, साहेब," थॉमस म्हणाला. "गॅब्रिएलने ठोकळा लावला होता. मी तो बावखलात टाकला. गाडीत खोट आहे, आणि ते आपल्या दोघांना माहीत होतं. पत्र काढा."

साहेबाने ड्रॉवर उघडून दाखवला. इतका आरामात, की थॉमसला तिथेच कळलं.

रिकामा होता.

"कसलं पत्र?"

त्या रात्री थॉमसने घरी बसून खरा जबाब लिहिला. सहा पानं. मम्मी आग्नेसने वाचला, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी थॉमसने तो वर पाठवला. सगळीकडे पाठवला.

काय झालं म्हणता? ड्रायव्हर मनाने ढासळलाय, असं ठरलं. नोकरी गेली. साहेबाची बढती झाली. बंब एके सकाळी शेडमध्ये नव्हता. कुठे गेला, कुणी सांगत नाही. आणखी एक लाल रंगाचा हात मारून कुठेतरी उभा असेल. त्याच्या मागे कुणीतरी पाइप जोडत असेल.

एवढंच झालं, की खऱ्या जबाबाची एक प्रत पाचूबंदरला वाचून दाखवली गेली, होड्यांच्या मध्ये, सगळ्यांसमोर. थॉमसने स्वतः वाचली. लोकांनी ऐकली. कुणी शिवी दिली नाही, कुणी खांद्यावर हातही ठेवला नाही.

थॉमसने ठोकळा मटिल्डाच्या पुढे ठेवला. तिने निळ्या पट्ट्यावरून पदर फिरवला. मग दिराच्या होडीखालचा टेकू काढून तिथे तो लावला.

दुसऱ्या सकाळी होडी कललेली होती. ठोकळा नव्हता.

थॉमस घाबरून धावत गेला. मटिल्डा मासळी निवडत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"कामाला गेला असंल," ती म्हणाली.

आता मी दहावीत आहे. डॅडी फुलांचा टेम्पो चालवतात. उतारावर थांबले की आधी चाकामागे दगड लावतात, मग आरशात स्वतःकडे न बघता उतरतात.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

या जूनमध्ये आमच्या शाळेला नवी बस आली. तिलाही नारळ, तिलाही हार. सगळ्या मुली नाचत होत्या, मीही. मग बसच्या पुढचं कंपनीचं चिन्ह बघितलं आणि माझे पाय थांबले. तेच होतं. ज्या बंबात बसून मी घंटा वाजवली होती, त्याच्यावरचं.

मी ड्रायव्हरकाकांना विचारलं, "हँडब्रेक तपासलाय का?" ते म्हणाले, "ए मॅडम, लायसन्स दाखवू का?" सगळी बस हसली. मग मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्यांनी डॅडींचं नाव ऐकलं आणि मला शांत करायला पाण्याचा ग्लास पुढे केला.

शाळेच्या फाटकापाशी उतार आहे. बस तिथे उभी राहते, आणि पहिलीतली पोरं बसच्या मागून रस्ता ओलांडतात.

गेल्या सोमवारी बस थांबली, आणि मला ऐकू आलं...

ठक.

मी वाकून पाहिलं. निळा पट्टा. ओला.

ड्रायव्हरकाकांनी तो चप्पलेने सरकवून गटारात ढकलला. "कुठली घाण आणून ठेवतात!"

मंगळवारी, ठक. बुधवारी, ठक. गुरुवारी, ठक. रोज गटारात.

काल शुक्रवार. बस थांबली. मी कान दिला...

काहीच नाही.

वाकून पाहिलं. चाकामागे काहीच नव्हतं. आणि पहिलीतली पोरं एकमेकांची दप्तरं धरून बसच्या मागे येत होती. इंजिन थरथरत होतं. मी ओरडले, "थांबा रे!" एवढ्या जोराने, की फाटकावरचा वॉचमनही थांबला. रस्त्याकडेचा एक दगड उचलला, चाकामागे सरकवला आणि टाचेने हाणला.

ठक.

पोरं गेली. ड्रायव्हरकाका हसले. हसू देत.

बस सुटली असती का? मला माहीत नाही. आणि तो काल का आला नाही, तेही माहीत नाही. मी तिथे आहे, हे त्याला ठाऊक होतं का?

पण एक नक्की सांगते. तो दगड कोरडा होता. रखरखीत. उन्हात तापलेला.

रात्री जेवायला बसलो. मी डॅडींना आमटी वाढायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. तळहात नाकाजवळ नेला. बराच वेळ हुंगत राहिले.

मग ताट सरकवलं.

मी सकाळपासून चार वेळा हात धुतलेत. साबणाने, मग राखेने, मग मातीने.

बावखलाचा वास अजून जात नाही.